'मंपरु', 'नार्को' आणि 'दिव्य' : न्यायव्यवहारातील एका शास्त्रीय संज्ञेचा अर्थ

१. प्रास्ताविक

बंगळूरच्या पूर्वेस सुमारे २५ किलोमीटरवर, कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. 'होस' म्हणजे नवे आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. गावाचे नाव शुद्ध कन्नड आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते परके नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळूर घेतले. त्यानंतर शहाजीराजांना जो मुलूख जहागिरीत मिळाला त्यात बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. शहाजीराजांच्या दरबारातील बहुभाषिकतेची साक्ष जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'तून मिळते. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून त्याची चर्चा प्रामुख्याने काव्येतिहासाच्या अंगाने झाली आहे. परंतु दरबारात कवींप्रमाणे कारकूनही असतात, आणि भाषांची सरमिसळ काव्यापेक्षा कागदोपत्री अधिक टिकून राहते.

याचे एक उदाहरण आजही पाहावयास मिळते. गुन्ह्याच्या जागेची पाहणी करून पंचांसमक्ष जो कागद तयार होतो त्याला महाराष्ट्रातील पोलीस ठाण्यात 'पंचनामा' म्हणतात. होसकोट्यासह दक्षिण कर्नाटकातील ठाण्यांत त्याच कागदाला 'महजर' म्हणण्याची रीत आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'महजर' हा शब्द पदोपदी येतो. तेथे त्याचा अर्थ गोतसभेने वाद ऐकून, सभासदांच्या साक्षी घालून दिलेला निवाडा असा आहे. मूळ अरबी शब्दाचा संबंध हजर असण्याशी, उपस्थितीशी आहे. सुलतानी अमलाच्या दप्तरातून तो मराठीत आला आणि कन्नडमध्येही स्थिरावला. मराठीत तो इतिहासजमा झाला, कन्नड मुलखात पोलिसांच्या दैनंदिन व्यवहारात राहिला. निवाड्याचे नाव पुराव्याला मिळाले. न्यायव्यवहारातील संज्ञा एकाच अर्थाने स्थिर राहत नाहीत. कोणत्या कागदावर, कोणासमोर आणि कोणत्या टप्प्यावर त्या उच्चारल्या जातात यावर त्यांचा अर्थ ठरतो, एवढे यावरून दिसते.

प्रस्तुत निबंधात हेच सूत्र एका आधुनिक शास्त्रीय संज्ञेला लावून पाहावयाचे आहे. ती संज्ञा म्हणजे 'नार्को-विश्लेषण'. या चाचणीचा भारतातील इतिहास बंगळूरशी निगडित आहे आणि तिच्यावरील न्यायालयीन वादाचा बराचसा भाग मुंबई, पुणे व बंगळूर या तीन शहरांत घडला आहे. मराठीने ही संज्ञा जशीच्या तशी घेतली. कन्नडने तिचे भाषांतर केले. या दोन निवडींमागे केवळ शैलीचा प्रश्न नाही. संशयिताच्या शरीरावर आणि मनावर काय करण्याची मुभा राज्यसंस्थेला आहे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

२. संज्ञेची जन्मकथा

'नार्को' हे पूर्वपद ग्रीक भाषेतील बधिरता या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. 'नार्को-विश्लेषण' ही जोडसंज्ञा १९३० नंतरच्या दशकात हॉर्सली या मानसचिकित्सकाने रूढ केली. बार्बिट्युरेट वर्गातील औषधाने रुग्णाला अर्धवट गुंगीत नेऊन त्याच्या दडपलेल्या आठवणी मोकळ्या करणे, हा तिचा मूळ हेतू उपचाराचा होता. येथे 'विश्लेषण' म्हणजे मनोविश्लेषण. रुग्ण जे बोलेल ते वस्तुस्थितीशी जुळते की नाही याला त्या उपचारपद्धतीत दुय्यम स्थान होते. कल्पित आठवणही चिकित्सकाला तितकीच उपयोगी.

याहून वेगळा असा दुसरा प्रवाह १९२२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुरू झाला होता. रॉबर्ट हाऊस हे प्रसूतितज्ज्ञ होते. प्रसूतीच्या वेळी स्कोपोलामाइन दिलेल्या स्त्रिया गुंगीत असतानाही प्रश्नांची उत्तरे देतात, असे त्यांच्या निदर्शनास आले आणि त्यांनी डॅलस येथील तुरुंगातील दोन कैद्यांवर त्याचा प्रयोग केला. वृत्तपत्रांनी या औषधाला 'ट्रुथ सीरम' हे नाव दिले. हे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. सीरम म्हणजे रक्तातील द्रवभाग. स्कोपोलामाइन किंवा पुढे वापरात आलेले सोडियम पेंटोथाल यांचा त्याच्याशी संबंध नाही. सत्याशीही या औषधांचा थेट संबंध नाही. पेंटोथाल हे भुलीचे औषध आहे. त्याने मनावरचा आवर सैल होतो, माणूस बोलका होतो आणि त्याच वेळी प्रश्नकर्त्याच्या सूचनेला अधिक सहजपणे वश होतो. गुंगीत माणूस खरे बोलू शकतो, खोटे बोलू शकतो आणि समोरच्याला जे हवे ते बोलू शकतो. यातले कोणते घडले हे औषध सांगत नाही.

उपचारातील 'विश्लेषण' आणि वृत्तपत्रातील 'सत्य' हे दोन प्रवाह पोलीस तपासात एकत्र आले. संज्ञा दवाखान्यातली आणि तिच्यावरचा विश्वास वृत्तपत्रातला, असा हा संयोग आहे.

भारतीय भाषांनी या संयोगाला काय प्रतिसाद दिला? मराठीत 'नार्को टेस्ट', 'नार्को चाचणी' हीच रूपे रुळली. लिप्यंतरित शब्दाला एक प्रकारची अपारदर्शकता असते. वाचकाला त्यातून प्रक्रिया कळत नाही, प्रक्रियेचा दबदबा तेवढा कळतो. कन्नड वृत्तपत्रांनी मात्र 'मंपरु परीक्षे' असा शब्द रूढ केला. 'मंपरु' म्हणजे झापड, गुंगी. हा शब्द ऐकताच सामान्य कन्नड भाषकाच्या डोळ्यांसमोर पेंगुळलेला माणूस उभा राहतो, आणि पेंगुळलेल्या माणसाच्या बोलण्यावर कितपत विसंबावे हा प्रश्न आपोआप मनात येतो. मराठीतही अशा शब्दाची उणीव नव्हती. 'भूल' हा शब्द आपल्याकडे शस्त्रक्रियेपूर्वीच्या बधिरतेसाठी रोजच्या वापरात आहे. शिवाय चूक आणि मोहिनी हे त्याचे आणखी दोन अर्थ आहेत. 'भुलीतील जबानी' असे म्हटले असते तर संज्ञेची शास्त्रीय बाजू सांभाळली गेली असती आणि तिच्या मर्यादेचीही सूचना मिळाली असती. तसे झाले नाही.

३. दिव्य : मराठी न्यायपरंपरेतील पूर्वसंज्ञा

माणसाच्या इच्छेला वळसा घालून त्याच्या शरीराकडून सत्य काढून घ्यावे, ही कल्पना मराठी न्यायपरंपरेला नवी नाही. तिचे जुने नाव 'दिव्य'. मोल्सवर्थच्या कोशातही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) हा अर्थ नोंदलेला आहे. आज 'अग्निदिव्य' किंवा 'दिव्यातून पार पडणे' हे प्रयोग केवळ लाक्षणिक उरले आहेत. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांत वतनाच्या वादांत हे शब्द अगदी वाच्यार्थाने वापरले जात. रवादिव्यात कढत तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढावा लागे. नंतर हात पिशवीत घालून, त्यावर मोहर करून ठरावीक मुदतीने तो तपासला जाई. हाताला इजा नसेल तर वादी खरा, असेल तर खोटा. विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या पद्धतीचा विस्ताराने परामर्श घेतला आहे.

दिव्याला रानटी प्रथा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु ती ज्या धर्मशास्त्रीय चौकटीत बसवलेली होती तिचा विचार केल्यास काही गोष्टी लक्षात येतात. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही विज्ञानेश्वराची टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६–११२६) लिहिली गेली आणि महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही प्रदेशांत प्रमाण मानली गेली. या परंपरेतील दिव्याच्या चार मर्यादा येथे प्रस्तुत आहेत.

पहिली मर्यादा क्रमाची. लेख, भोग आणि साक्षी ही मानुष प्रमाणे आधी. ती नसतील तरच दिव्य. मराठी निवाड्यांतही कागद, भोगवटा व गोताची साक्ष यांची चौकशी झाल्यावरच दिव्याचा प्रश्न उद्भवत असे. दुसरी मर्यादा जबाबदारीची. गंभीर आरोपात आरोप करणाऱ्याने, आपण खोटे ठरल्यास दंड सोसण्याची हमी द्यावयाची असे. तिसरी पात्रतेची. स्त्रिया, बालके, वृद्ध, आंधळे, पांगळे व रोगी यांना अग्नी वा विषाचे दिव्य देऊ नये, तुलेचे द्यावे असा नियम होता. चौथी पूर्वतयारीची. अग्निदिव्यापूर्वी हातावरील जुने व्रण तपासून खुणा केल्या जात आणि आरोपाचा मजकूर लिहून तो पत्रलेख दिव्य करणाऱ्याच्या मस्तकावर ठेवला जाई.

दिव्याच्या सत्यतेवर आज कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि तो ठेवण्याचे कारणही नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्या काळाला दिव्य देवाची वाणी वाटत होती, त्या काळानेही त्याला पहिल्या क्रमांकाचा पुरावा मानले नाही. संज्ञेचा दबदबा जितका मोठा तितक्या तिच्या भोवतीच्या अटी कडक, असे तेथील धोरण दिसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस जेव्हा विज्ञानाची वाणी न्यायालयात आली तेव्हा या अटींची आठवण कोणास राहिली होती काय?

४. बंगळूर, मुंबई, पुणे : २००२ ते २००८

भारतात तपासासाठी नार्को-चाचणीचा वापर २००२ च्या गोध्रा प्रकरणापासून ठळकपणे पुढे आला. त्यानंतर काही वर्षे बंगळूरची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हे या चाचण्यांचे देशातील प्रमुख केंद्र बनले. मराठी वाचकाला या केंद्राची ओळख झाली ती बनावट मुद्रांक घोटाळ्यातील मुख्य आरोपी अब्दुल करीम तेलगी याच्या चाचणीमुळे. तेलगी मूळचा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा, घोटाळ्याचा तपास प्रामुख्याने महाराष्ट्रात, चाचणी बंगळुरात. पुढे या चाचणीचे चित्रीकरण दूरचित्रवाणीवरूनही दाखवले गेले. न्यायालयात पुरावा म्हणून सिद्ध न झालेली गुंगीतील वाक्ये घराघरांत ऐकली गेली आणि 'नार्कोत सांगितले' हा वाक्प्रयोग मराठी संभाषणात 'सिद्ध झाले' या अर्थाच्या जवळपास जाऊन पोहोचला.

याच घोटाळ्याच्या प्रकरणातून मुंबई उच्च न्यायालयापुढे रामचंद्र रेड्डी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला आला. २००४ मध्ये न्यायालयाने या चाचण्यांना मान्यता दिली. त्याचा युक्तिवाद भाषेच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहावा असा आहे. असत्यशोधक यंत्र व मेंदूलेखन या चाचण्यांत माणूस 'निवेदन' करतच नाही, असे न्यायालयाने म्हटले. नार्को-चाचणीत निवेदन असते हे न्यायालयाने मान्य केले. पण ते निवेदन स्वतःस गोवणारे आहे की नाही हे ते झाल्यावर, आणि पुरावा म्हणून पुढे आणले गेल्यावरच ठरवता येईल, अशी भूमिका घेतली. म्हणजे बोलणे आधी, त्याचा अर्थ नंतर. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयातही सेल्वी व इतर यांच्या प्रकरणात अशाच आदेशाचा प्रश्न उपस्थित झाला आणि तो पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

संज्ञेच्या दबदब्याचा कळस २००८ मध्ये पुण्यात झाला. जून महिन्यात तेथील सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेपेची शिक्षा सुनावताना आरोपी स्त्रीच्या मेंदूतील विद्युत-स्पंदनांच्या चाचणीचा अहवालही विचारात घेतला. गुन्ह्याचा 'अनुभवजन्य' ठसा तिच्या मेंदूत आढळतो, असा त्या अहवालाचा आशय होता. ही पद्धती बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत पूर्वी काम केलेल्या संशोधकाने विकसित केलेली होती. आणि त्याच संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञसमितीने २००८ मध्ये ती शास्त्रीय कसोटीस उतरत नसल्याचा निर्वाळा दिला. एकाच शहरातून संज्ञा निघाली आणि त्याच शहरातून तिचा प्रतिवाद झाला. मधल्या काळात पुण्यात जन्मठेपेची शिक्षा झाली होती. 'अनुभव' हा मराठी साहित्यविचारातील मध्यवर्ती शब्द आहे. ऐकलेले, वाचलेले, कल्पिलेले आणि प्रत्यक्ष भोगलेले यांतील सीमारेषा किती अस्पष्ट असते हे साहित्याच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. ती रेषा यंत्राला आखता येते असे मानण्यापूर्वी न्यायालयाने निदान हा शब्द तपासून घ्यावयास हवा होता.

५. सेल्वी निवाडा : शब्दांच्या संगतीने अर्थ

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. आर. व्ही. रवींद्रन आणि न्या. जे. एम. पांचाळ यांच्या पीठाने नार्को, असत्यशोधक आणि मेंदूलेखन या तिन्ही चाचण्या सक्तीने करणे घटनाबाह्य ठरवले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याचा हक्क (अनुच्छेद २०, खंड ३) आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क (अनुच्छेद २१) हे या निर्णयाचे दोन आधार होते.

निवाड्यातील दोन ठिकाणी अर्थनिर्णयनाचा प्रश्न मुळाशी येतो. पहिले ठिकाण 'साक्षी' या शब्दाचे. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरवले होते की, बोटांचे ठसे वा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे 'साक्षी होणे' नव्हे. स्वतःला असलेले ज्ञान सांगणे म्हणजे साक्षी होणे. ठसा हा शरीराचा, ज्ञान हे मनाचे. सेल्वी निवाड्याने हाच भेद पुढे नेला. गुंगीतला माणूस बोलतो तेव्हा तो स्वतःचे ज्ञान देत असतो. यंत्राच्या प्रश्नाला मेंदू मूकपणे प्रतिसाद देतो तेव्हाही तेच घडते. शब्द उच्चारला गेला नाही म्हणून साक्ष घडली नाही, हे मुंबईच्या निर्णयातील गृहीतक त्यामुळे मागे पडले.

दुसरे ठिकाण 'अशा इतर चाचण्या' या शब्दांचे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५३ व्या कलमाला २००५ च्या दुरुस्तीने स्पष्टीकरण जोडले गेले. त्यात रक्त, रक्ताचे डाग, वीर्य, थुंकी, घाम, केस, नखे यांची, डीएनए तंत्रासह आधुनिक शास्त्रीय पद्धतींनी तपासणी आणि वैद्यक व्यावसायिकास आवश्यक वाटतील 'अशा इतर चाचण्या' असे शब्द आहेत. नार्को या 'इतर' मध्ये बसते, असा राज्याचा दावा होता. न्यायालयाने तो नाकारला. यादीतील सर्व वस्तू शरीरापासून मिळणाऱ्या आहेत. तेव्हा शेवटच्या व्यापक शब्दाचा अर्थही आधीच्या शब्दांच्या जातीचाच घेतला पाहिजे. शब्दाला त्याच्या शेजाऱ्यांवरून ओळखावे, हा वाचनाचा जुना नियम येथे नागरिकाच्या मनाचे कुंपण ठरला.

स्वेच्छेने केलेल्या चाचणीलाही न्यायालयाने पुराव्याचे स्थान दिले नाही. चाचणीचे निष्कर्ष स्वतः पुरावा नव्हेत. त्यातून पुढे एखादी वस्तू वा माहिती उघड झाली तर तेवढीच पुरावा कायद्याच्या २७ व्या कलमाखाली ग्राह्य धरता येईल. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात या तरतुदीचे स्थान २३ व्या कलमाच्या परंतुकात आहे. मानुष प्रमाणे आधी आणि दिव्य अखेरीस, या जुन्या क्रमाशी या रचनेचे साम्य आहे. त्यांत ऐतिहासिक कार्यकारणसंबंध आहे असा येथे दावा नाही. दोन वेगळ्या व्यवस्था एकाच अडचणीपाशी येऊन सारख्या सावधपणाने वागल्या, एवढेच म्हणावयाचे आहे.

६. 'राजीनामा' : संमतीची भाषा

उरतो प्रश्न संमतीचा. मराठेशाहीत वाद सुरू होताना पक्षकारांकडून 'राजीनामा' लिहून घेत. ही सभा व तिचा निर्णय आम्हास राजी आहे, असा तो कागद असे. सोबत जामीनकतबा असे, आणि हरलेल्याकडून अखेरीस येजितखत घेतले जाई. आज 'राजीनामा' म्हणजे पद सोडल्याचे पत्र. 'राजी' असण्याचा अर्थ त्या शब्दातून निघून गेला आहे. संमतीचा कागद कालांतराने केवळ उपचार होऊन बसतो, याचे हे भाषेतील उदाहरण मानावयास हरकत नाही.

सेल्वी निवाड्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये असत्यशोधक चाचणीसाठी घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वे इतर चाचण्यांनाही लागू केली. संमती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नोंदवावी. वकील हजर असावा. चाचणीचे शारीरिक, भावनिक व कायदेशीर परिणाम समजावून सांगावेत. हे निवेदन कबुलीजबाब नसून पोलिसांपुढील निवेदनाच्या दर्जाचे राहील हे 'स्पष्ट शब्दांत' सांगावे. कोठडीचा काळ व चौकशीचे स्वरूप दंडाधिकाऱ्याने विचारात घ्यावे. नोंद स्वतंत्र संस्थेने करावी. ही तत्त्वे विचारपूर्वक केलेली आहेत. तरीही एक प्रश्न ती मोकळा ठेवतात : स्पष्ट शब्द कोणत्या भाषेतले?

हा प्रश्न होसकोट्यासारख्या ठिकाणी तात्त्विक राहत नाही. बंगळूरच्या आसपासच्या पट्ट्यात कन्नड, तेलुगू, तमिळ, उर्दू आणि मराठी भाषक पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आले आहेत. अशा ठिकाणच्या संशयिताला 'नार्को चाचणीला तुमची संमती आहे का' असे विचारले तर तो एका नावाला संमती देतो. 'तुम्हाला भुलीचे औषध देतील. तुम्ही काय बोलता यावर तुमचा ताबा राहणार नाही. जे बोलाल ते खरे असेलच असे नाही' असे विचारले तर तो एका कृतीला संमती देतो. दोन्ही कागदांवर अंगठा सारखाच उमटेल. परंतु दुसऱ्या कागदालाच राजीनामा हा शब्द मूळ अर्थाने लागू पडेल.

९ जून २०२५ रोजी अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी निवाड्याचा पुनरुच्चार केला. सक्तीची चाचणी अमान्य आहेच. शिवाय आरोपीने स्वतः मागितली तरी ती मिळण्याचा त्याला निरपवाद हक्क नाही, योग्य टप्प्यावर आणि योग्य सुरक्षाअटींसहच तिचा विचार व्हावा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या दुसऱ्या भागाला सांस्कृतिक संदर्भ आहे. निर्दोषत्वाची खात्री पटवण्यासाठी 'माझी नार्को करा' असे आव्हान देण्याची रीत आपल्या सार्वजनिक जीवनात दिसते. हे आव्हान शास्त्राच्या भाषेत दिलेले असले तरी त्याचा घाट दिव्याचा आहे. 'मी दिव्य करतो' हेच वाक्य नव्या संज्ञेत पुन्हा उच्चारले जाते.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे कार्य केले आहे, आणि त्याआधी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडिताने सिद्ध केलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त सुमारे चौदाशे संज्ञांचा विचार झाला होता. या परंपरेत संज्ञेचा कस प्रामुख्याने शुद्धता व सुबोधता यांवर लावला गेला. न्यायव्यवहारातील शास्त्रीय संज्ञेला आणखी एक कस लावावा लागेल : ती ऐकणाऱ्या माणसाला, आपल्यावर काय होणार आहे हे तिच्यातून कळते काय? 'मंपरु परीक्षे' या कसाला उतरते. 'नार्को' उतरत नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर 'भूल' हा शब्द आपल्यापाशी आहे. संमतीपत्राच्या मराठी मसुद्यात तो लिहिला जावा, एवढी अपेक्षा भाषेच्या अभ्यासकांनी करण्यास प्रत्यवाय नसावा.